काकू, तुम्ही खरं सांगितलंत म्हणून

काकू, साष्टांग नमस्कार.

निघताना मी मामाचे, शाळेतल्या सरांचे, सेतू केंद्रातल्या दादाचेसुद्धा आभार मानले. तुमचे मानले नाहीत, कारण तोवर तुम्ही माझ्यासाठी काही केलंच नव्हतं. तुमचं काम मी बर्लिनला पोचल्यावर सुरू झालं.

घाटंजी तालुक्यातून जर्मनीला जायचं म्हणजे आधी पैशाचं गणित. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवून ठेवावे लागतात. ते दर महिन्याला ९९२ असे सुटतात. मी गेले त्या २०२४ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. म्हणजे दीडशे क्विंटलच्या आसपास कापूस झाला! आमच्या कोरडवाहू पाच एकरांत तेवढा पिकायला चार-पाच वर्षं लागतात, तीही बोंडअळीनं काही ठेवलं तर. म्हणून कर्ज काढलं. आणि एवढं कर्ज डोक्यावर असताना ‘मला इथे करमत नाही’ हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

डिसेंबरात बर्लिनला चारच्या आत सूर्य मावळतो. खोलीवर येऊन मी घरी फोन लावायचे तेव्हा गावात रात्रीचे साडेनऊ झालेले असायचे. आई म्हणायची, “आमचं सारं बरं हाये, तू तुह्या अभ्यासाकडं ध्यान दे.” मी म्हणायचे, माझंही बरं आहे. दोघी खोटं बोलायचो आणि फोन ठेवायचो.

मग तुमचा फोन आला. बाबा वावरात चक्कर येऊन पडले होते, साखर फार वाढली होती, यवतमाळला भरती होते. माझी परीक्षा होईपर्यंत मला सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं. तुम्ही आधी विचारलंत, “जेवली का?” मग म्हणालात, “आयक पोरी, धोका टळला हाये, म्हणून सांगून राहिली. येऊ नोको. पण तुले माहीत पायजे.” त्या रात्री मी खूप रडले, हे खरं. पण त्या दिवसापासून मला रात्री झोप लागायला लागली. घरी काही झालं तर काकू सांगतील, त्यांनी सांगितलं नाही म्हणजे झालेलं नाही, एवढा भरवसा मिळाला. परदेशी राहणाऱ्याला याहून मोठं काही मिळत असेल, असं मला वाटत नाही.

आणि माझंही खरं तुम्हीच आईला सांगितलंत. पोर एकटी पडली हाये, रडते, म्हणून. आई घाबरेल असं मला वाटलं होतं. तिनं दुसऱ्या दिवशी फोन करून नुसतं ज्वारीच्या भाकरीचं पीठ कसं मळायचं ते सांगितलं. (इथे ज्वारीचं पीठ मिळतं ते भलत्याच भावानं, पण ते जाऊ द्या.)

चांगलंही खूप झालं. बर्लिनचं पिण्याचं पाणी जमिनीखालून येतं. बरंचसं नदी-तलावांच्या काठाशी विहिरी घेऊन, रेतीतून गाळून. वर्गात हे शिकवत होते तेव्हा मी हात वर केला आणि आपल्या नाल्यातला झिरा सांगितला. उन्हाळ्यात तुम्ही आणि आई रेती उकरून वाटीनं पाणी भरायच्या तो. प्राध्यापकांनी फळ्यावर मला त्याची आकृती काढायला लावली. आता माझा थिसिस त्याच विषयावर आहे.

गावची आशा सेविका म्हणून तुम्हाला जे मानधन मिळतं, आणि तेही वेळेवर मिळावं म्हणून जे भांडावं लागतं, ते मला माहीत आहे. माझ्यासाठीचे हे फोन कोणत्याच रजिस्टरमध्ये चढले नाहीत. रिचार्जही तुमचाच.

आता माझ्याकडची खरी खबर ऐका. थिसिस अजून अर्धा झालाय. नोकरी मिळालेली नाही, चार ठिकाणांहून नकार आलेत. कर्जाचा हप्ता सुरू व्हायच्या आत काहीतरी लागेल असं वाटतं, पण खात्री नाही. जेवण नीट आहे, तब्येत बरी आहे. हे आईला सांगाल ना? मी सांगायला गेले की पुन्हा ‘सारं बरं हाये’च तोंडातून निघतं.

तुमची,
पलीकडच्या घरची पोरगी