जरा मागं वळून बघ

चि. लेकास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. स्पीडबोटीवर किती खूश दिसतोस! मग तो पुन्हा लावला, तेव्हा शेवटी तुझ्या खांद्यामागं एक कयाक दिसली. तिच्यातल्या दोघांनी वल्ही मांडीवर घेऊन दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या. तू त्यांना पाहिलंच नसणार असं मी धरून चालते. पाहूनही वेग तसाच ठेवला असशील, तर मला वेगळ्या भाषेत लिहावं लागेल.

तू पुढं निघून जातोस, पण तुझ्या बोटीनं उठवलेली लाट मागं हिंडत राहते. धक्क्याला बांधलेल्या बोटी एकमेकींवर आपटतात. नांगर टाकून उभ्या असलेल्या शिडाच्या होडीत कुणी उकळतं भांडं उतरवत असतं, त्याच्या अंगावर ते सांडतं. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट होते, म्हणून तुला किरकोळ वाटणारा हेलकावा छोट्या होडीला उलटवू शकतो. त्या वेळी तू तिथं नसतोस, आणि नेमकी हीच अडचण आहे.

"पण मी वेग कमी केला होता" असं म्हणशील. अर्धवट कमी केलास ना? पूर्ण वेगात स्पीडबोट पाण्याच्या वर उचलली जाऊन घसरत जाते. अगदी हळू असली की ती पाण्यात नीट बसते. या दोन्हींच्या मधल्या वेगात पुढचं टोक वर, मागची बाजू खाली अशी ती ओढत चालते आणि सर्वांत मोठी लाट तेव्हाच उठते. वर त्या उचललेल्या टोकामुळं तुला समोरचं दिसत नाही ते वेगळंच. म्हणून कुणाच्या जवळ जायच्या बऱ्याच आधी वेग उतरवायचा, टोक पूर्ण खाली येईपर्यंत. एकदम थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, खाली ओढू नकोस. आपलीच मागून येणारी लाट बोटीत शिरते.

30 नॉट म्हणजे ताशी साधारण 55 किलोमीटर, सेकंदाला 15 मीटर. पोहणाऱ्याचं पाण्याबाहेर असतं ते फक्त डोकं. त्यात बोटीला ब्रेक नाही. तुझं इंजिन आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेर लावलेलं. बोट वळते ती त्याच्या पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या जोरावर, त्यामुळं घाबरून थ्रॉटल शून्यावर आणलंस की बोट वळायचंही जवळजवळ सोडून देते. टक्कर टाळायला केलेली हालचालच मग टक्कर घडवते.

समुद्रावरच्या वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 साली ठरले आणि 1977 पासून लागू झाले. तलाव-नद्यांवर त्या त्या ठिकाणचे नियमही असतात, ते आधी विचारून घे. इंजिनच्या दोन बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडं वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील तर जिला दुसरी आपल्या उजव्या हाताला दिसते, तिनं वाट द्यायची. मागून ओलांडणाऱ्यानं पुढच्याच्या वाटेत न येता जायचं. एरवी इंजिनवाल्यानं शिडाच्या होडीला जागा सोडायची. सुरक्षित वेगाचा मात्र नियमांत आकडाच नाही. दृश्यमानता, गर्दी, पाण्याची खोली, बोट थांबायला लागणारं अंतर हे बघून तो तूच ठरवायचा. लोकांना यातला "माझा हक्क" तेवढा पाठ असतो, पण ज्याला वाट मिळायची असते त्यालाही समोरच्याच्या एकट्याच्या प्रयत्नानं टक्कर टळणार नसेल तर हालचाल करावीच लागते.

मला त्यातलं सर्वांत आवडतं ते हे: वळण वेळेवर घ्यायचं, आणि जमेल तिथं इतकं मोठं घ्यायचं की समोरच्याला ते सहज दिसावं. त्याला अंदाज बांधत बसावं लागू नये. सौजन्य सौजन्य म्हणतात ते बहुतेक एवढंच असतं.

कुणी भोंग्याचे पाच छोटे आवाज झटपट दिले तर चिडू नकोस. ती शिवी नाही. "तुझा काय विचार आहे ते कळत नाही" किंवा "तू पुरेसं करत नाहीस असं वाटतं" असा तो इशारा आहे. आणि एखादा उनाड तुझ्या शेजारून सुसाट गेला, तर त्याच्या मागं लागायचं नाही. वेग कमी कर, लाटेला कोनात सामोरा जा, सोबतच्यांना बसायला सांग. बोटीचा नंबर दिसला तर टिपून घे आणि तिथल्या अधिकाऱ्यांना कळव.

मी येईन तेव्हा मला बोटीत बसायचंय. चालव तूच. पण इंजिन बंद करणारी ती दोरी तुझ्या पायाला किंवा लाईफ जॅकेटला अडकवलेली दिसल्याशिवाय मी चढणार नाही. चालवणारा पाण्यात पडला की सुकाणूवर कुणी नसलेली बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते, आणि खाली पंखा फिरत असतो. व्हिडिओत ती दोरी डॅशबोर्डवर लोंबकळत होती.

तुझी,
आई