आई-बाबा, मी जुबाला जातेय

ति. आई-बाबा,
सा. न.

करारावर सही केली आहे. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीत, दक्षिण सुदानमध्ये, जुबाच्या केंद्रात फिजिओथेरपिस्ट म्हणून. पाय गेलेल्यांना कृत्रिम पायावर चालायला शिकवायचं, म्हणजे इथे करते तेच. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबा, तुम्ही बोलूच दिलं नसतं, म्हणून लिहितेय.

आधी आईसाठी. राहायला संस्थेचं घर आहे. मच्छरदाणी आहे, जनरेटर आहे, पाणी गाळलेलं. पिवळ्या तापाची लस झाली. आणि तिथे लोक ज्वारीच खातात गं! शेंगाचटणी आणि कडक भाकरी मात्र तुझ्याच हातची नेणार. गड्ड्याच्या जत्रेला मी नसेन, पण त्यानंतरच्या सुट्टीत नक्की येईन.

बाबा, दिवाळीत रेडक्रॉसबद्दल तुम्ही म्हणालात, "दोन्ही डगरींवर हात ठेवणारी मंडळी ही. त्यापेक्षा आपले कोटणीस बघ." ते मनातून गेलेलं नाही. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला कोटणीस स्मारक दाखवायला नेता तुम्ही, मी तुमचीच मुलगी आहे. 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत ते होते, तिथल्या कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेसोबत राहिले आणि 1942 मध्ये तिथेच गेले. त्यांनी बाजू घेतली आणि ती निभावली. पण एका सैन्याच्या डॉक्टरला समोरच्या गावातल्या जखमीपर्यंत जाता येत नाही. मला तिथेही जायचंय.

त्यासाठी तटस्थ असून भागत नाही, तसं दिसावंही लागतं. बंदुकीवर काट मारलेलं चित्र गाडीवर असतं. गाडीसोबत हत्यारी पहारा सहसा नसतो. उलट निघण्याआधी त्या भागातल्या सगळ्या गटांना कळवून त्यांचा होकार घेतात. प्रशिक्षणात आमच्याकडून नाक्यावरचा प्रसंग करून घेतला. एक माणूस जखमी भावाला घेऊन येतो, भावाच्या खांद्याला रायफल. मी घाईने दार उघडलं. शिक्षिकेने हात धरला, "आधी रायफल खाली." जखमी कुठल्याही गटाचा असो, गाडीत येईल; रायफल येणार नाही. दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले जवान आहेत, हे वाचून तुम्हाला धीर येईल. पण त्यांच्या गाडीत मला बसता येणार नाही, कारण ते सशस्त्र आहेत. आई, तू घेतलेलं ते हिरवं जर्किनही घरीच राहू दे, लष्करी वाटतं.

ही काळजी फार जुनी आहे. 1864 मध्ये स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून लाल क्रॉस ठरला, पण 1876 मध्ये तुर्कांनी चंद्रकोर वापरायला घेतली, कारण त्यांच्या सैनिकांना क्रॉस परका वाटत होता. दोन्ही नको असणाऱ्यांसाठी 2005 मध्ये लाल स्फटिक आला. हा खटाटोप तुम्हाला दिखाऊ वाटेल. मला नाही वाटत. बंदूक रोखलेल्या माणसाला लांबून तेवढंच दिसतं.

तुमचा खरा आक्षेप रेडक्रॉसच्या गप्प बसण्यावर आहे, आणि तिथे मी तुम्हाला खोडून काढणार नाही. ऑक्टोबर 1942 मध्ये नाझी अत्याचारांवर जाहीर आवाहन करायचं नाही, असं याच समितीने ठरवलं. पुढे ते तिने स्वतःचं अपयश म्हणून मान्य केलं. तसलं मौन सहन न झालेले काही फ्रेंच डॉक्टर नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धातून परतले आणि 1971 मध्ये त्यांनी इतरांसोबत वेगळी संघटना काढली. तरीही तुरुंगाचं बघा. रेडक्रॉसची माणसं कैद्याशी एकांतात बोलतात, नाव नोंदवतात, पुन्हा पुन्हा जातात, आणि जे आढळलं ते तिथल्या अधिकाऱ्यांनाच सांगतात. बाहेर बोलले तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही, आणि आत राहिलेल्याला विचारणारं कुणी उरणार नाही. हे मला पटलंय, बाबा.

आता ऐका. फेसबुकवर मला राजकीय मजकुरात टॅग करायचं नाही. कुठल्याच पक्षाच्या, कुठल्याच देशाच्या. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मी बाहेर पडतेय. रागावून नाही, कामाचा नियम म्हणून. माझ्या नावाने वर्तमानपत्रात फोटो-बातमी देऊ नका, कितीही अभिमान वाटला तरी. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही, दादाने रजा टाकली आहे. आई, गुडघ्याचे व्यायाम मी सांगितले तसेच, भिंतीला टेकून, आणि जिना दिवसातून एकदाच. लहानपणी ताप आला की बाबा, तुम्ही रात्रभर कपाळावर घड्या ठेवायचात, तसं कुणी तिथे नसेल, पण डॉक्टर आहेत, खरंच आहेत.

आत्याला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती रडेल आणि मग मलाही आवरणार नाही. आणि चटणीत लसूण जरा जास्त घाल गं.

तुमची,
मनू