कापूस वेचणाऱ्या हातांचे गाणे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कापसाच्या हंगामात आपल्या दैनिकात भाव, बोंडअळी आणि मजुरांची टंचाई यांच्या बातम्या नेमाने येतात. काटोल तालुक्यातील आमच्या शेतात लहानपणी कमरेला कापड बांधून मीही वेचणी केली आहे, म्हणून त्या वाचताना मला चार्ली प्राइड हटकून आठवतात. अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीताचे हे थोर गायक बालपणी कापूसच वेचत होते.

१९३४ साली मिसिसिपी राज्यातील स्लेज या गावी, बटईने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील रेडिओवर नॅशव्हिल शहरातून होणारा कंट्री गाण्यांचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम ऐकत आणि गोऱ्यांचे मानले जाणारे ते गाणे या मुलाने कानांनीच आत्मसात केले. चौदाव्या वर्षी गिटार हाती आली, तरी शेतातून बाहेर नेले ते बेसबॉलने. कृष्णवर्णीयांच्या संघांतून खेळून, सैन्यात नोकरी करून ते मोंटाना राज्यात पोचले. तेथे धातू वितळवण्याच्या कारखान्यात राबत, कारखान्याच्या संघाकडून खेळत आणि सामन्याआधी गात.

१९६५ मध्ये गिटारवादक आणि संगीत-निर्माते चेट अ‍ॅटकिन्स यांनी त्यांना आरसीए या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीत घेतले. पुढल्या वर्षी पहिली तबकडी रेडिओ केंद्रांकडे गेली ती मात्र छायाचित्राविना, कारण वर्ण दिसला तर गाणे वाजणार नाही, अशी धास्ती होती. ज्याचा आवाज हवा, त्याचा चेहरा लपवावा लागतो, हे वाचताना आजही माझ्या पोटात तुटते. डेट्रॉइटच्या कार्यक्रमात नाव पुकारताच टाळ्या कडाडल्या आणि ते मंचावर येताच विरल्या; प्राइड स्वतःच्या वर्णाविषयी मोकळेपणाने बोलले, मग गायले आणि श्रोते त्यांचे झाले. १९७१ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने त्यांना वर्षातील सर्वोत्तम कलावंत ठरवले.

आमच्याकडे वेचणीला येणाऱ्या बायांची गाणी मला अजून पाठ आहेत; ती रचणाऱ्यांची नावे मात्र मी कधी विचारली नाहीत, याची खंत वाटते. येत्या हंगामात आकाशवाणीच्या नागपूर केंद्राने अशी गाणी शेतावर जाऊन ध्वनिमुद्रित करावीत, गाणारीचे नाव आणि गाव सांगूनच ती ऐकवावीत, आणि आपण तिचे छायाचित्र छापावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर