एका दाताची चूक

आदरणीय मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

गाडी परत मिळाल्याला आठवडा होत आला, तरी इंजिन सुरू केल्यावर पहिले काही क्षण मी ती जागची हलवत नाही. तो एकसारखा, स्वच्छ आवाज ऐकत बसते. त्या संध्याकाळी तुमचे आभार मानायला तोंड उघडले आणि घसाच दाटून आला. राहून गेलेले ते शब्द आज सर्वांसमक्ष लिहिते आहे.

तुमच्याआधी ज्यांनी या गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतल्या हालचालींचा मेळ राखणारा दातेरी रबरी पट्टा, बदलला, त्यांनी आता कित्येक वर्षे चिंता नको असे मला छातीठोकपणे सांगितले होते. बेल्ट नवा होता, हे खरे. पण त्याला ताण देणारा टेन्शनर आणि वाट दाखवणारी आयडलर पुली जुनीच ठेवली होती, आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कॅमशाफ्टच्या, ऑइल सीलमधून झिरपणारे तेल त्याच नव्या बेल्टवर उतरत होते. घरघर येते म्हणून मी दोनदा गेले, तेव्हा ‘डिझेल गाडी म्हटल्यावर आवाज यायचाच, ताई’ असे म्हणून मला वाटेला लावण्यात आले. वरचे कव्हर काढून आत पाहण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा असेही मला वाटत नाही.

तुम्ही मात्र तो बेल्ट काढून माझ्यासमोर वाकवून दाखवलात. तेल पिऊन रबर फुगले होते आणि दातांच्या मुळाशी चिरा पडल्या होत्या. पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एकच फेरी व्हावी, हा मेळ तो पट्टा राखतो. हा मेळ जमलेला असेल तरच वर येणारा पिस्टन आणि उघडलेला व्हॉल्व्ह यांची गाठ पडत नाही, एवढीच जागा अशा इंजिनात असते, आणि चालत्या गाडीत पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह वाकल्याशिवाय राहत नाहीत, हे तुम्ही मला घाबरवण्यासाठी नव्हे, तर समजावे म्हणून सांगितलेत. मी रोज मुलांना मागे बसवून ती गाडी चालवत होते.

पण मला खरोखर लिहायचे आहे ते त्यानंतरच्या एका क्षणाबद्दल. सील, पुली, टेन्शनर, बेल्ट, सारे बसवून झाले होते, अंधार पडत आला होता आणि मी निघण्याच्या तयारीत होते. तुम्ही इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवलेत, चाकांवरच्या जुळणीच्या खुणा पाहिल्यात, आणि हात पुसत बाहेर येऊन म्हणालात, “ताई, बेल्टचा एक दात चुकला आहे. माझ्याकडूनच चुकला. पुन्हा उघडतो, थोडे थांबावे लागेल.” ती खूण तुमच्याशिवाय कोणीही पाहिलेली नव्हती. एका दाताच्या फरकानेही गाडी कदाचित सुरू झाली असती, थोडी ओढ कमी, थोडा धूर जास्त, आणि मी तो डिझेलचा स्वभाव समजून चालवत राहिले असते. तसे समजायला मला आधीच शिकवण्यात आले होते. चूक लपवणे इतके सोपे असताना माणूस ती स्वतःहून सांगायला येतो, हे मी फार वर्षांत पाहिले नव्हते.

दुसऱ्यांदा सारे जुळवल्यावर तुम्ही मला आत बोलावून पाना माझ्याच हातात दिलात आणि “सावकाश, उलटे फिरवू नका” एवढेच सांगितलेत. दोन फेऱ्या पुऱ्या झाल्या, खुणा समोरासमोर येऊन थांबल्या, आणि तुम्ही काही न बोलता नुसती मान हलवलीत.

आधी किलोमीटर भरोत किंवा वर्षे, पुढच्या बेल्टसाठी मी तुमच्याकडेच येईन. तेव्हाही शेवटच्या दोन फेऱ्यांसाठी पाना माझ्या हातात द्यावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक गाडीमालक