शून्याची रेघ कुठे पडेल?

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स
जानेवारी, मंगळवारची रात्र

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, “एवढे उपग्रह, एवढे संगणक, आणि उद्या पाऊस पडणार की बर्फ, एवढंही तुम्हाला सांगता येत नाही?” मी घाईत होते. “नाही येत बाबा,” म्हणाले आणि आईला फोन द्यायला सांगितला. तुम्हाला ते उत्तर पटलं नसणार. त्यात एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही, ती तेव्हापासून डोक्यात आहे. आज लिहूनच टाकते. पण आधी इथली हवा समजावून सांगते, म्हणजे माझं नेमकं कुठे चुकलं ते तुमच्या ध्यानात येईल.

हिवाळ्यात इथल्या ढगातून जे निघतं ते बहुतेक वेळा वर बर्फच असतं. जमिनीवर पोचेपर्यंत त्याचं काय होतं, सगळा प्रश्न तिथे आहे. वरपासून खालपर्यंत हवा शून्याच्या खाली असली तर बर्फाची पिसं तशीच खाली येतात. खालचा मोठा थर उबदार असला तर ती विरघळून पाऊस होतो. इथवर सोपं आहे. पण कधीकधी मधल्या उंचीवर, हजार-दोन हजार मीटरवर, समुद्राकडून आलेली उबदार हवा शिरते आणि जमिनीलगत मात्र थंड हवा तशीच बसून राहते. मग पिसं मध्येच विरघळतात आणि खाली येताना त्यांना पुन्हा थंडी लागते. खालचा थंड थर जाड असेल तर थेंब वाटेतच गोठून कडक दाणे होतात. भिजत न घातलेला साबुदाणा ताटात ओतल्यावर वाजतो ना, अगदी तसे ते खिडकीवर वाजतात. आपल्याकडच्या गारांसारखे हे नाहीत. गारा वादळी ढगात वर-खाली फेकल्या जात मोठ्या होतात, त्या एप्रिल-मेमध्ये घरात कैऱ्या आणून देतात. हे दाणे म्हणजे एकदा विरघळून पुन्हा गोठलेला बर्फ.

आणि खालचा थंड थर पातळ असेल तर थेंबाला गोठायला वेळच मिळत नाही. तो पाणी म्हणूनच येतो, पण शून्याच्या खाली गेलेलं पाणी. फांदी, तार, पायरी, रस्ता, ज्याला लागेल त्यावर तो तिथल्या तिथे काच होऊन बसतो. बाबा, दिसायला ते इतकं सुंदर असतं की सांगता येत नाही. आणि या चारांतलं सगळ्यात वाईट तेच. १९९८च्या जानेवारीत क्यूबेक आणि आजूबाजूच्या प्रदेशात असा पाऊस थांबून थांबून पाच-सहा दिवस पडला, विजेचे मोठे मनोरे वाकून आडवे झाले, लाखो माणसं भर थंडीत अंधारात राहिली. आमच्या याच भागात २००८च्या डिसेंबरात तसंच झालं. इथले लोक अजूनही त्या रात्रीबद्दल बोलतात, झाडं मोडल्याचे आवाज रात्रभर बंदुकीच्या बारासारखे येत होते म्हणतात.

तुम्हाला देपालपूरचं शेत आठवतंय ना? आजोबा म्हणायचे, नाल्याकडच्या खालच्या शेतात वाटाणा लावू नका. घराच्या ओट्यावर पारा चारावर असला तरी खाली पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडायचा आणि वरच्या शेताला काही व्हायचं नाही. थंड हवा जड असते, पाण्यासारखी उतारानं वाहते आणि खोलगट जागी साचते. इथे तेच, फक्त मोठ्या मापावर. उत्तरेकडे क्यूबेक किंवा मेनवर जास्त दाबाचं क्षेत्र असलं की तिकडची कोरडी गार हवा डोंगरांना टेकून दक्षिणेकडे घसरत येते आणि दऱ्यांत तळ ठोकते. वरून समुद्राची उबदार हवा तिच्यावरून सरकत जाते, पण तिला हुसकावत नाही. बॉस्टनच्या किनाऱ्यावर ६ अंश आणि साधा पाऊस, आणि त्याच घटकेला पासष्ट किलोमीटरवर, इथे, उणे १ आणि काचेचे रस्ते. कधी तर ही सीमा इतकी टोकदार असते की गाडीनं दहा किलोमीटर गेलं की पाच अंशांचा फरक पडतो. तिला किनारी आघाडी म्हणतात.

समुद्राचा हिशेब वेगळाच. डिसेंबरच्या सुरुवातीला बॉस्टनजवळचं पाणी सात-आठ अंशांवर असतं, फेब्रुवारीच्या अखेरीस तीन-चारांवर येतं. म्हणजे एकाच वाटेनं आलेलं वादळ डिसेंबरात किनाऱ्यावर पाऊस देतं आणि फेब्रुवारीत बर्फ. त्यात वारा पूर्वेचा की उत्तरेचा, हे वादळ कुठून जातं त्यावर ठरतं. नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला ४० उत्तर आणि ७० पश्चिम या रेघा जिथे छेदतात, तो बिंदू इथल्या प्रत्येक अंदाजकाराच्या तोंडी असतो. वादळ त्याच्या आतून, किनाऱ्याला खेटून गेलं तर उबदार हवा आत येते. फार बाहेरून गेलं तर थंडी असूनही हाताला काही लागत नाही. आणि आम्ही अंदाज लिहितो तेव्हा ते वादळ असतं कुठे? दोन दिवस आधी तर कधीकधी धड जन्मलेलंही नसतं.

आता कूलरची गोष्ट. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा किती गार लागायची, आणि पाऊस सुरू झाला की तोच कूलर नुसती चिकचिक करायचा. हवा कोरडी असेल तरच पाणी उडून जातं, आणि उडून जाताना उष्णता घेऊन जातं. इथे पाऊस सुरू व्हायच्या आधी पारा ३ वर असला, पण हवा कोरडी असली, तर पहिल्या अर्ध्या तासात तोच पारा शून्यावर उतरतो आणि पावसाचा बर्फ होतो. म्हणून नुसतं तापमान बघून चालत नाही. ओल्या फडक्यानं गुंडाळलेला थर्मामीटर काय दाखवतो, ते बघावं लागतं. बर्फ विरघळतानाही उष्णता खातो, एका ग्रॅमला ८० कॅलरी, त्यामुळे जोराचा वर्षाव स्वतःच हवा थंड करत जातो. उलट थेंब जमिनीवर गोठताना तीच उष्णता परत देतो, म्हणून गोठणारा पाऊस आपणहून थांबायला हवा. उत्तरेकडून कोरडी थंड हवा येत राहिली तर मात्र थांबत नाही. हे शेवटचं वाक्य मी अभ्यासात शंभरदा वाचलं होतं.

आता ती गोष्ट. दोन आठवड्यांपूर्वी रात्रपाळीला मी होते. आमच्याकडून आसपासच्या गावांना अंदाज जातो आणि त्यावरून ते रस्त्यावरचा बर्फ विरघळवणाऱ्या मिठाच्या गाड्या कधी काढायच्या, कधी परत पाठवायच्या ते ठरवतात. एका दरीतल्या गावासाठी मी लिहिलं, “पहाटे चारनंतर तापमान शून्याच्या वर, साधा पाऊस.” माझ्यासमोरची संगणकावरची सगळी हवामान-मॉडेलं तेच म्हणत होती. पण जगभराचा हिशेब करणारी मॉडेलं साधारण ९ ते १३ किलोमीटरच्या चौकटींत विचार करतात, सगळ्यात बारीक जे रोज वापरतो ते ३ किलोमीटरच्या. ती दरी त्या चौकटीत धड दिसत नाही. शिवाय तळाशी बसलेली थंड हवा ही मॉडेलं वेळेआधीच उठवून लावतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत असलेलं आहे. रात्री दोन वाजता उत्तरेकडच्या एका ठाण्याचा आकडा मी पाहिला होता. तिथला दवबिंदू, म्हणजे हवा किती कोरडी आहे ते सांगणारा आकडा, आमच्यापेक्षा तीन अंशांनी खाली होता आणि वारा मंद, पण उत्तरेचाच. ते वाक्य तेव्हा आठवायला हवं होतं. आकडा पाहिला आणि पुढे गेले.

मिठाच्या गाड्या चार वाजता परत गेल्या. थंड हवा नऊ वाजेपर्यंत हलली नाही. सकाळी गावातला मुख्य चढ काचेसारखा झाला होता, दोन गाड्या आडव्या झाल्या, आणि एक आजी दूध आत घ्यायला पायरीवर आल्या त्या घसरून पडल्या, त्यांचं मनगट मोडलं. गाड्यांच्या प्रमुखानं मला फोन केला तेव्हा तो रागावला नव्हता. “आम्ही तुमचं वाक्य वाचून घरी गेलो,” एवढंच म्हणाला. बाबा, त्याचं ते शांत बोलणं मला जास्त लागलं. आजींच्या जागी सारखी आपली आजी दिसत होती, रामबागेच्या वाड्याच्या त्या दगडी पायऱ्यांवर. म्हणून रविवारी तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर देता आलं नाही.

मी नकाशावर एक बारीक रेघ ओढली होती, अलीकडे बर्फ, पलीकडे पाऊस. तिथे रुंद पट्टा काढायला हवा होता आणि वर लिहायला हवं होतं की या पट्ट्यात काय होईल ते पहाटेपर्यंत ठरणार नाही, गाड्या थांबवा. लोकांना असं वाक्य आवडत नाही हे खरं आहे. त्यांना आकडा हवा असतो. पण एक इंच पाणी पाऊस म्हणून पडलं तर ते गटारातून वाहून जातं, बर्फ म्हणून पडलं तर ढोबळ मानानं दहा इंचांचा थर होतो, आणि गोठत पडलं तर त्याच्या निम्म्यानंही तारा तुटतात. एका अंशाची चूक, आणि तीन वेगळ्या सकाळी.

मोठमोठ्यांचंही असं होतं. २०१५च्या जानेवारीत न्यूयॉर्कला दीड-दोन फुटांहून जास्त बर्फाचा अंदाज होता, तिथली भुयारी रेल्वे बंद ठेवली गेली. वादळाची पश्चिम कड थोडी पूर्वेला सरकली आणि सेंट्रल पार्कात १० इंचही भरला नाही. त्याच वादळानं इथे वूस्टरला ३४.५ इंच टाकले. फिलाडेल्फियाच्या बाजूचा अंदाज सांभाळणारे सरकारी हवामान सेवेतले गॅरी झॅट्कोव्स्की यांनी त्याच रात्री लोकांची उघड माफी मागितली. मी तेव्हा इंदूरला शिकत होते, ती बातमी वाचून मला ते थोर वाटले होते. आता त्याहून वेगळं वाटतं. ते नेमक्या कशाची माफी मागत होते, ते आता कळतं.

तुम्ही म्हणाल, वर जाऊन मोजत का नाही? मोजतात. दिवसातून दोनदा, इथल्या सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, फुगे सोडतात, ते थराथराचं तापमान कळवत वर जातात. पण फुग्यांची ठाणी लांब लांब असतात, आणि आमच्या किनाऱ्यावरचं चॅटमचं ठाणं २०२१मध्ये बंद करावं लागलं, कारण ज्या कड्यावर ते होतं तो कडाच समुद्रानं खात आणला होता. मधल्या बारा तासांत आम्ही रडारवर अवलंबून. आताचं रडार आडव्या आणि उभ्या दोन्ही लहरी सोडतं, त्यामुळे बर्फ जिथे विरघळतो तो थर एखाद्या कंकणासारखा दिसतो. ते कंकण आकसत रडारच्या जवळ येऊ लागलं की समजायचं, वितळण्याची उंची खाली येतेय. मला कामातली सगळ्यात आवडती गोष्ट ही. पण रडारचा किरण जितका लांब जातो तितका वर जातो, दरीच्या तळाशी काय चाललंय ते त्याला दिसत नाही. त्यासाठी खिडकीतून हात बाहेर काढणारं माणूसच लागतं. आता मी रात्री त्या प्रमुखाला फोन करून विचारते, “तुमच्या अंगणातल्या झाडावर काय आहे?”

बाबा, एक मागणं आहे. तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही. दर हिवाळ्यात मावठ्याचा पाऊस कधी येणार म्हणून रेडिओनं सांगितलं आणि प्रत्यक्षात कधी आला, किती आला, गव्हाला कामी आला की हरभऱ्याचा फुलोरा झोडपून गेला, हे तुम्ही शेजारी शेजारी दोन रकान्यांत लिहायचात. भूमध्य समुद्राकडून निघालेलं ते वारं इंदूरपर्यंत पोचेल की राजस्थानातच विरेल, याच्या तुमच्या स्वतःच्या अंदाजाचा तिसरा रकानाही होता, आणि त्यातल्या चुका तुम्ही कधी खोडल्या नाहीत. त्याचे पाच-सहा पानांचे फोटो काढून पाठवाल का? भाचीला सांगा, ती काढून देईल. मी या हिवाळ्यापासून तशी वही घातली आहे. पहिल्या पानावर त्या रात्रीचं लिहिलंय, दोन वाजताच्या दवबिंदूसकट.

आजीला सांगा, मी बुटांखाली लोखंडी दात असलेले पट्टे बांधते, तिनं काळजी करू नये. तिला वाटलं तर हे पत्र नागपूरला आत्यालाही पाठवा, फक्त इथल्या त्या आजींच्या पडण्याचं आपल्या आजीला आधी सांगू नका, नाहीतर ती लगेच फोन करेल. आईला म्हणावं, सराफ्यात गराडू आले असतील तर माझ्या वाटणीचे तिनं खावेत, वर जिरावण मसाला जास्त घालून.

उद्या रात्री पुन्हा वादळ आहे आणि पाळी माझी आहे. मगाशी बाहेर नुसता पाऊस होता. हे शेवटचं पान लिहीत असताना काचेवर साबुदाणा वाजायला लागला आहे, वाऱ्याची दिशा बघायला हवी.

तुमची,
धाकटी