आमची आजी वैकुंठाला गेलेली नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेनिमित्त मुंबईतल्या कॅथलिक आज्यांवर तुम्ही जे अर्धं पान छापलंय ते वाचलं. सकाळी वाचलं, दुपारी परत वाचलं, रात्री झोप लागेना म्हणून आज लिहायला बसलो. फ्रॉक घातलेली आजी, हातात वाइनचा ग्लास, मागे पियानो, आणि दर दोन वाक्यांनी "व्हॉट मॅन". छान आहे. वांद्र्याला असतील अशा आज्या, नाही कोण म्हणतंय. आमच्या मरोळ गावठाणात कोणी पियानो आणला असता तर आजीनं त्याच्यावर बोंबील वाळत घातले असते. ती लुगडं नेसायची, मराठी बोलायची, आणि वाइन नाताळला घोटभर, तीपण औषध प्यायल्यासारखं तोंड करून.

एवढ्यावर नसतो चिडलो. पण तीन आठवड्यांपूर्वी ती गेली, ९२ वर्षांची होऊन, आणि तुमच्याच पेपरात तिची निधनवार्ता आली होती. तुम्हाला आठवत नसेल, मला पाठ आहे. आम्ही लिहून दिलं होतं की दुपारी चार वाजता चर्चमध्ये मिस्सा (फादर सांगतो ती सामूहिक उपासना) आणि नंतर तिथल्याच सिमेट्रीत दफन. छापून काय आलं, तर "वैकुंठवासी झाल्या, अंत्यसंस्कार स्मशानभूमीत, दशक्रिया विधी अमुक तारखेला". दशक्रियेची तारीखसुद्धा तुम्हीच काढून दिलीत, आम्हाला भटजी शोधायचं तेवढं बाकी ठेवलंत, आभारी आहे.

फोन केला. एक मुलगी बोलली, बिचारी सभ्य होती. म्हणाली सर तो मजकूर कॉम्प्युटरमध्ये तयारच असतो, फक्त नाव बदलतो. मी म्हटलं आडनाव वाचून तरी कळायला हवं होतं. मग म्हणाली, तुम्ही गोव्याचे का? नाही, मरोळचे. नाही, म्हणजे मूळचे कुठले? मूळचेच मरोळचे. जरा वेळ शांतता. मग विचारते, ते मिस्सा म्हणजे नक्की काय सर, जेवण असतं का? मी फोन ठेवला. दुरुस्ती आजपर्यंत आलेली नाही.

आता कोण वाचतं निधनवार्ता, असं तुम्हाला वाटत असेल. नाक्यावर भाजी विकणारी एक म्हातारी आहे, आजीची चाळीस वर्षांची मैत्रीण, दिवाळीला तिच्याकडून करंज्या यायच्या आणि नाताळला आमच्याकडून तळलेले फुगे जायचे. तिला नातवानं पेपर वाचून दाखवला. ती रिक्षा करून, झेंडूचा हार घेऊन, भर पावसात स्मशानभूमीत जाऊन तासभर उभी राहिली. तिथल्या माणसानं सांगितलं की या नावाचं कोणी आलेलंच नाही, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ती सिमेट्रीत पोचली तेव्हा सगळी माणसं निघून गेलेली, खड्डा बुजवणारे दोघं आणि मी एवढेच होतो. "माती पडली का रे?" एवढंच विचारलं तिनं. पडली होती. तिनं वरून एक मूठ टाकली, हार ठेवला आणि मला रिक्षाचे पैसेपण देऊ दिले नाहीत.

आणि यातली खरी गंमत पुढे आहे. आजीला स्वतःला वाचता यायचं नाही. रोज सकाळी चहाबरोबर तुमचा पेपर मी वाचून दाखवायचो, आधी माझे वडील वाचायचे. पहिलं पान नाही, राशिभविष्य नाही, सरळ निधनवार्ता. "आज कोण गेलं?" मी एकेक नाव वाचायचं आणि प्रत्येक नावाला ती एक नमो मरिया म्हणायची. कुलकर्णी असो, शेख असो, शहा असो. मी एकदा म्हटलं, अगं हे आपले नाहीत, तर म्हणाली, "मग काय झालं, जाताना कुनी तरी नाव घ्यावं." कितीतरी वर्षं तुमच्या त्या कॉलमातल्या माणसांसाठी मरोळमधून फुकट प्रार्थना चालू होती, आणि त्याच कॉलमात तिची पाळी आली तेव्हा तुमच्याकडे तयार मजकूर.

ती संतबिंत नव्हती हे आधीच सांगतो, नाहीतर आई मला सोडणार नाही. सुनेच्या हातची कढी तिनं मरेपर्यंत चांगली म्हटली नाही. बाटली मसाला तर दुसऱ्या कोणाला करूच द्यायची नाही, एप्रिल-मे आला की भंगारवाल्याकडून बिअरच्या तपकिरी बाटल्या आणायचं काम माझं, धुवून उन्हात वाळवायचं काम माझं, आणि मसाला दाबून भरताना आमचं कोणाचं बोट लागलं तर शिव्या. संध्याकाळी सातला जपमाळ म्हणजे सातला. २०११ ची वर्ल्डकप फायनल, सेहवाग दुसऱ्याच बॉलला आउट, घरात सुतक, आणि हिनं येऊन टीव्ही बंद केला. जपमाळ संपवून लावला तर सचिनपण गेलेला. नंतर धोनीनं सिक्स मारून जिंकून दिलं ते त्या जपमाळेमुळेच असं तिचं ठाम मत होतं.

लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, त्यातली लिटनी, म्हणजे संतांची नावं घेत म्हणायची प्रार्थना, तिला शेवटपर्यंत येत होती, पापलेटं साफ करता करता "ओरा प्रो नोबिस, ओरा प्रो नोबिस" चालू. मग साठच्या दशकात व्हॅटिकन कौन्सिल, म्हणजे जगभरच्या बिशपांची सभा झाली, लोकांच्या भाषेत मिस्सा सुरू झाली, फादर लोकांकडे तोंड करून उभा राहायला लागला. आजी म्हणायची, इतकी वर्षं त्याची पाठ दिसायची, आता कोन झोपलंय ते त्याला दिसतं. १९६४ ला पोप सहावे पॉल मुंबईत आले तेव्हा ती माझ्या वडिलांना कडेवर घेऊन ओव्हलला गेली होती, गर्दीत चप्पल गेली, पोप दिसला तो एवढासा. जाताना पोपनी आपली गाडी मदर तेरेसांना देऊन टाकली हे कळल्यावर हिला एकच काळजी, गाडी दिली तर तो घरी कसा गेला.

बुधवारी माहीमच्या चर्चची नोव्हेना प्रार्थना, सप्टेंबरात मोत मावली. माझा पाय मोडला होता तेव्हा तिनं मेणाचा पाय वाहिला होता, पाय बरा झाल्यावर मला पण नेलं, दाखवायला. पण तिचं खरं चर्च सीप्झच्या आत होतं. हो, अंधेरीच्या त्याच निर्यात कंपन्यांच्या सीप्झमध्ये जिथे तुमचे वाचक आयडी कार्ड अडकवून जातात. १५७९ चं बांधकाम, १८४० ला साथ आली म्हणून गावानं ते सोडलं, मूर्ती मरोळच्या चर्चमध्ये आणल्या, आणि १९७३ ला सीप्झ झालं तेव्हा ते पडकं चर्च कुंपणाच्या आत गेलं. आमची भातशेतं तर त्याच्या आधीच एमआयडीसीत गेली होती. वर्षातून एकदा मे महिन्यात तिथे मिस्सा होते. आजी लुगडं नेसून गेटवर उभी, वॉचमन तिची पिशवी तपासणार, आत काय तर पाण्याची बाटली, मेणबत्त्या आणि जपमाळ. एकदा त्यानं विचारलं, कहाँ जाना है? ही मराठीत म्हणाली, "घरी."

आता मेट्रोचं स्टेशन झालंय सीप्झला, तुम्ही उद्घाटनाचं पान भरून छापलंत, या चर्चचा एक शब्द नाही. जाऊ दे.

आम्हा मुंबईच्या मूळच्या कॅथलिकांच्या नावाचा घोळ आमच्याच लोकांनी घातला हे कबूल. १८८७ ला, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, इंग्रजांच्या नोकऱ्यांत आपण गोव्याच्या लोकांपेक्षा वेगळे दिसावं म्हणून "ईस्ट इंडियन" हे नाव घेतलं. पश्चिम किनाऱ्यावर राहून ईस्ट. त्यामुळे परक्या माणसाचा गोंधळ झाला तर समजू शकतो, पण तुम्ही मराठी पेपर आहात हो. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष होते तेव्हा रोज त्यांचे फोटो छापत होतात ना? मग पाच वर्षांत आम्ही परत पियानोवर कसे गेलो?

आणखी एक, विषय वेगळा आहे पण लिहितोच. पावसाळ्यात पेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाकायला सांगा. गेला आठवडाभर लगदा येतोय, आणि पैसे पुऱ्या पेपरचे घेता.

आजीच्या महिन्याची मिस्सा पुढच्या रविवारी सकाळी साडेआठला आहे, मरोळच्या चर्चमध्ये, मराठीतून. भाजीवाल्या मावशीला मी स्वतः जाऊन सांगून आलोय, पण बाकीच्यांसाठी दोन ओळी छापणार असाल तर खाली वेगळ्या कागदावर मजकूर जोडलाय. आहे तसा छापा. कॉम्प्युटरला विचारू नका.

आपला,
एक जुना वाचक, मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व
(नाव छापू नये. आडनाव तुम्ही चुकवणारच.)