पुण्याची खाद्ययादी पेठांच्या पुढे कधी जाणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत ‘पुण्यात आलात तर हे खाल्लेच पाहिजे’ ही यादी पुन्हा एकदा वाचली. बेडेकरांची मिसळ, वैशालीतले एसपीडीपी (शेव-पोटॅटो-दही-पुरी), गुडलकचा बनमस्का, पूना गेस्ट हाउसचे थालीपीठ, सुजाताची मस्तानी आणि कॅम्पातून, म्हणजे लष्कर भागातून, घेतले ते फक्त कयानीचे श्रूजबेरी बिस्किट. छायाचित्रे नवी आहेत, नावे तीच.

या ठिकाणांबद्दल माझी तक्रार नाही. बेडेकरांच्या मिसळीला कोल्हापूरचे पाहुणे ‘गोड आहे’ म्हणून नाक मुरडतात, तरी प्लेट पुसून खातात आणि वर रस्सा मागून घेतात, हे मी पाहिलेले आहे. पूना गेस्ट हाउस 1935 साली मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी सुरू केले, ही गोष्ट थालीपीठाइतकीच चवीची आहे. ती मात्र यादीत दोन ओळींतही येत नाही. असो. प्रश्न असा की पुणेकर एवढेच खातो का?

सदाशिव पेठ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर साबुदाणा खिचडी आणि काकडी येते. त्याच पेठेत आवारे यांची मराठा खानावळ आहे आणि तिथे मटण खाण्यासाठी लोक थांबून राहतात, हे आपल्या प्रतिनिधींना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. मग लिहायला हात का आखडतो? शहरभरच्या अशा खानावळींत आधी वाटीभर आळणी, म्हणजे मटणाचे बिनतिखट पाणी, येते, मग काळ्या मसाल्याचे मटण, भाकरी, हाताने फोडलेला कांदा. तिथे ‘सिग्नेचर डिश’ वगैरे काही नसते. बुधवार, शुक्रवार, रविवार या वारांना उशीर केला तर मटण संपलेले असते आणि श्रावणात टेबले रिकामी दिसतात. या शहराचे खाणे वारांवर कसे चालते हे कळायला एवढे पुरे आहे.

कॅम्पाची तर कमालच आहे. दोराबजी अँड सन्स 1878 पासून तिथे आहे. म्हणजे आपल्या यादीतल्या बहुतेक हॉटेलांच्या आधीपासून. तिथली बिर्याणी आणि धानसाक यांवर वर्षानुवर्षे तीच गिऱ्हाइके येत राहिली आहेत. धानसाकचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. पतेतीच्या सुमारास ‘पारशी नववर्षाला धानसाक खा’ असे दरवर्षी कुठे ना कुठे छापून येते. पारशी घरात सणाच्या दिवशी धानसाक करत नाहीत. घरात कुणी गेले की पहिले तीन दिवस मांसाहार टाळतात आणि चौथ्या दिवशी धानसाक होते, म्हणून मंगल प्रसंगी ते ताटात नको असते. एरवी तो रविवारचा दुपारचा बेत: डाळी, भोपळा, वांगे, मेथी आणि मटण एकत्र शिजवून घोटलेले, सोबत तपकिरी भात आणि कचुंबर. खाऊन झाल्यावर झोपण्यापलीकडे काही होत नाही, म्हणूनच तो बेत रविवारचा.

रमजानमध्ये मोमिनपुऱ्यात किंवा कोंढव्याच्या कौसरबागेत रात्री जी गर्दी उसळते, तिचा फोटो आपण जरूर छापता. हलीम कसा होतो ते छापत नाही. गहू, डाळी आणि मटण तासन् तास मंद आचेवर ठेवून घोटत राहायचे, गव्हाचा दाणा आणि मटणाचा धागा वेगळा ओळखू येईनासा होईपर्यंत. वरून तळलेला कांदा, आल्याच्या काड्या, लिंबू. हे काम दुपारपासून सुरू असते. त्या वेळी एखादा बातमीदार तिथे जाऊन उभा राहिला तर पान भरेल एवढा मजकूर मिळेल.

आणि पिंपरी? फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत तिथे झाली. तिला लोक आजही पिंपरी कॅम्प म्हणतात. तिथे सकाळचा नाश्ता म्हणजे दाल पकवान. पकवान म्हणजे मैद्याची ओवा-मिरी घातलेली मोठी पुरी, टोचे मारून मंद आचेवर तळलेली, इतकी कडक की मोडताना आवाज शेजारच्या माणसाला ऐकू जावा. त्यावर किंवा वेगळ्या वाटीत दाणा शाबूत राहील अशी शिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी चटणी, चिंचेची चटणी, बारीक कांदा. डाळ ओतून फोटो काढत बसलात तर पकवान मऊ पडते. मोडायचे, डाळ उचलायची, तोंडात टाकायचे. दुपारी जाऊन विचाराल तर ‘संपले’ हे उत्तर मिळेल. पूर्वी ‘लांब पडते’ ही सबब चालत होती. आता मेट्रो स्वारगेटहून मंडईखालून थेट पिंपरीला जाते आणि तिथून पिंपरी कॅम्प रिक्षाच्या टप्प्यात आहे. मिसळीसाठी तासभर ताटकळण्यापेक्षा कमी वेळात माणूस पिंपरीत पोहोचतो.

एकाच पदार्थाची कीर्ती छापत राहिल्याचा त्रास त्या हॉटेलांनाही होतो. माझ्या नेहमीच्या एका उपाहारगृहात (नाव लिहीत नाही) एका लेखानंतर जो तो एकच पदार्थ मागू लागला. हळूहळू तिथली अळूची भाजी फळ्यावरून गेली आणि मग दडपे पोहेही. ‘कुणी मागत नाही,’ असे गल्ल्यावरच्या काकांनी सांगितले. काका, आम्ही मागत होतो की! पण रांगेत आमचा नंबर लागेपर्यंत दुसरेच सगळे घेऊन बसलेले असत.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या यादीत जुनी नावे दोनच ठेवा आणि उरलेल्या जागेत कॅम्प, मोमिनपुरा, पिंपरी आणि पेठांतल्या मटणाच्या खानावळी येऊ द्या. ‘अप्रतिम’, ‘लाजवाब’ ही विशेषणे काढली तर जागा आपोआप निघेल. तिथे साप्ताहिक सुटी कधी, पदार्थ किती वाजता संपतो आणि जिना चढावा लागतो का, एवढे छापा. माझ्यासारख्या गुडघे दुखणाऱ्या वाचकाला ताऱ्यांपेक्षा जिन्याची माहिती जास्त उपयोगी पडते.

आपला,
एक नियमित वाचक
रास्ता पेठ, पुणे